बंद खोलीतली शेगडी, बाथरूममधला गिझर आणि पिवळी ज्योत

ताई, तुमचं पत्र वाचलं. बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा. बहीण आणि बाळ दोघांना त्या खोलीतून बाहेर आणा, खिडक्या उघडा, कोळशाची शेगडी उघड्यावर नेऊन माती नाहीतर राख टाकून विझवा आणि दोघांना आजच डॉक्टरकडे न्या. उद्या नको, आजच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बंद खोलीत कोळशाची शेगडी होती, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासा (अपुऱ्या हवेत कोळसा किंवा गॅस जळला की होणारा विषारी वायू). हे तुम्ही सांगितलं नाही तर बाळंतिणीचं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणजे अशक्तपणा असेल, झोप होत नसेल असंच कुणालाही वाटेल.

तुम्ही लिहिलंय की भांडुपला पाचव्या मजल्यावर वन बीएचके आहे, बहीण बाळंतपणाला आलीय, आई रोज सकाळ-संध्याकाळ कोळशाच्या शेगडीवर शेक देते, बाळाला वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या लावून घेते आणि तीन दिवस बहिणीचं डोकं जड आहे, पण हॉलमध्ये येऊन बसली की बरं वाटतं. ताई, हे शेवटचं वाक्य वाचून मला धडकी भरली. खोलीत गेलं की दुखतं आणि बाहेर आलं की उतरतं, हीच या वायूची खूण आहे. आणि घरातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर 98 दाखवतंय म्हणून निश्चिंत राहू नका, तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो, ते मशीन ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त यातला फरक ओळखत नाही, माणूस गुदमरत असला तरी ते छान आकडा दाखवतं. रक्ताचीच तपासणी लागते आणि ती लवकर लागते, कारण मोकळ्या हवेत आलं की रक्तातला हा वायू साधारण 4 ते 5 तासांत निम्मा होतो, म्हणजे उद्या दुपारी गेलात तर रिपोर्ट नॉर्मल येईल आणि आई म्हणेल बघ, काही नव्हतं. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा उतरतो, त्यामुळे उपचारही तिथेच होतो.

मी काही डॉक्टर नाही, 1996 पासून गॅसच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतोय, लालबाग-परळपासून मुलुंडपर्यंत. पण या धंद्यात राहून हा वायू मला चांगला ओळखीचा झालाय. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. बाळंतिणीचं हिमोग्लोबिन आधीच कमी झालेलं असतं आणि तान्हं बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जलद श्वास घेतं, म्हणजे त्याच खोलीत सगळ्यात जास्त धोका या दोघांनाच.

आता आईशी बोलायचा मुद्दा, कारण आईला नुसतं बंद कर म्हटलं तर ती ऐकणार नाही, आणि तिचंही काही चुकलेलं नाही, तिच्या आईने तिला असंच केलं होतं आणि तिला काही झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते सांगा. गावाकडचं घर कौलारू, कौलांच्या फटीतून धूर वर जायचा, भिंत आणि छपराच्या मधे हात जाईल एवढी जागा, दाराखालून वारा. बाजेखाली शेगडी सरकवली तरी त्या घराचा श्वास चालू असायचा. तुमच्या खोलीला ॲल्युमिनियमची स्लायडिंग आहे, तिला रबर आहे, दाराखाली पायपुसणं कोंबलंय, वर स्लॅब आहे. हवा आत यायला वाट नाही आणि जळकी हवा बाहेर जायलाही नाही. दुसरं म्हणजे आई नक्की म्हणेल की मी धूर जाईपर्यंत शेगडी गॅलरीतच ठेवते, निखारे लाल झाल्यावर मगच आत आणते. सगळ्या बायका असंच करतात. पण बिनधुराचा लाल निखारा, त्यावर पांढऱ्या राखेची साय धरलेली, तोच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो, धूर दिसत नाही म्हणून त्याची भीती वाटत नाही एवढंच.

शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या, किंवा स्वयंपाकघरात तव्यावर सुती फडक्याची घडी गरम करून आत न्या, हाताच्या मागच्या बाजूला आधी लावून बघा आणि मग कंबर शेका. शेक तोच मिळतो. ओवा-शेपांची धुरी मात्र बाळाला देऊच नका, हे तुमचे बालरोगतज्ज्ञही सांगतील, आईला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या म्हणजे घरात वाद होणार नाही.

आता गिझर. तुम्ही दुसऱ्या ओळीत सहज लिहून गेलात की बाथरूममध्ये गॅस गिझर आहे आणि खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांना थंडीमुळे प्लास्टिक लावलंय. ताई, ही शेगडीइतकीच गंभीर गोष्ट आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी चिंचपोकळीला एका घरात मला बोलावलं होतं, तक्रार काय तर गिझरची ज्योत सारखी विझते. गेलो, बघितलं, बॅटरी ठीक, पाण्याचं प्रेशर ठीक, गॅस ठीक. बाथरूम एवढं की दोन्ही हात पसरले तर कोपरं भिंतीला लागावीत, खिडकीला आतून कॅलेंडरचा जाड कागद चिकटवलेला, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून. मी दार लावून घेतलं, नळ सोडला आणि ज्योतीकडे बघत उभा राहिलो. पहिली दोनतीन मिनिटं स्वच्छ निळी, मग टोकं पिवळी व्हायला लागली, मग ज्योत लांब होऊन हलायला लागली, जणू ती हवा शोधतेय. माझं कपाळ जड झालं तसा मी दार उघडून बाहेर आलो. बाहेर येऊन विचारलं की इथे कुणाला चक्कर आलीय का, तर आई म्हणाली मागच्या आठवड्यात धाकटा आंघोळीला गेला तो आत पडला, हातपाय ताठ झाले, फिट आली म्हणून डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू आहेत. मी तो कागद नखाने खरवडून काढला आणि त्यांना सांगितलं की त्या डॉक्टरांना परत भेटा आणि हे दाखवून सांगा. गॅस गिझरमुळे आलेली चक्कर आणि झटके फिट समजून लोक महिनोन्‌महिने गोळ्या खातात, हे डॉक्टरांनाही माहीत झालेलं आहे, पण बाथरूमची खिडकी कशी आहे हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं.

हिशोब सोपा आहे. साधारण 6 लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला अंदाजे 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे 10 मिनिटांच्या आंघोळीत जवळजवळ पावणेदोन-दोन घनमीटर हवा गेली. चार बाय साडेचार फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळी मिळून चार घनमीटर हवा. तिच्यातली जवळजवळ निम्मी त्या ज्योतीने वापरली, वर तुम्ही श्वास घेताय, वाफ आहे, आणि जसजसा ऑक्सिजन कमी पडतो तसतशी ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड करायला लागते. पाइपचा गॅस असला तरी हाच हिशोब, गॅस बदलला म्हणून हवा लागायची थांबत नाही.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. ड्राय बाल्कनीत नाहीतर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या, जळकी हवा बाहेर सोडणारा पाइप थेट उघड्यावर निघाला पाहिजे, बंद डक्टमध्ये नाही, नाहीतर तीच हवा वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये जाते. जागा नसेल तर इलेक्ट्रिक गिझर घ्या, तीन किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला 16 ॲम्पियरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग लागतं, ते वायरमनकडून तपासून घ्या. एक्झॉस्ट फॅन लावतो म्हणजे झालं असं बरेच जण म्हणतात, पण दार बंद आणि आत हवा यायला जाळी नाही अशा खोलीत फॅन हवा खेचतो ती गिझरच्या त्या पाइपमधूनच उलटी खेचतो, त्यामुळे काही वेळा काम आणखी बिघडतं. हे सगळं होईपर्यंत, आज रात्रीपासून, दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग आंघोळीला जा. प्लास्टिक आजच काढा, समोरून दिसत असेल तर पडदा लावा पण पट्ट्या उघड्या ठेवून.

दोन दिवशी मला जास्त काळजी वाटते. एक नरक चतुर्दशी, पहाटे चार-साडेचारला थंडीची दारं लावलेली आणि घरातले सहा जण उटणं लावून एकामागून एक आंघोळीला, गिझर मधे बंदच होत नाही, शेवटी जो जातो त्याच्या वाट्याला सगळ्यांची जळकी हवा येते. आणि दुसरा धुळवड, रंग काढायला अर्धा-अर्धा तास पाणी चालू. त्या दिवशी तरी बादल्या भरून घ्यायचा नियम पाळा. आत कुणी पडलं असा संशय आला तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, तिथेच बसून तोंडावर पाणी मारत राहू नका कारण वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो. आतली कडी न लावता नुसतं दार लोटून घ्यायची सवय म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना लावलीत तर फार बरं.

पिवळ्या ज्योतीचं आता. तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी पाइप गॅस आला, जुनीच शेगडी त्या गॅससाठी बदल करून घेतली आणि तेव्हापासून टोपाचं बूड काळं होतंय. सिलेंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलीबार दाबाने येतो, पाइपचा 21 ने, आणि तेवढ्याच आकारमानाच्या गॅसमध्ये सिलेंडरवाल्यात अडीच ते तीन पट उष्णता असते, म्हणून पाइप गॅसला जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीचं, भोक मोठं लागतं. जेट बदलायचे राहिले असते तर ज्योत बारीक, मलूल आली असती. तुमची लांब आणि पिवळी येतेय म्हणजे माझा संशय असा की नवे जेट न बसवता जुन्याच पितळी जेटमध्ये ड्रिलची सुई फिरवून भोक वाढवलंय, किंवा लहान बर्नरला मोठ्याचा जेट लागलाय. हे फार होतं, पन्नास रुपये वाचतात आणि वर्षभर भांडी घासत बसावं लागतं, आणि काजळी धरतेय म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, म्हणजे तोच वायू थोडाथोडा स्वयंपाकघरातही होतोय. मेकॅनिकला समोर जेट काढायला सांगा, अंगावर कोरलेला नंबर असतो तो तुमच्या शेगडीच्या मॉडेलला लागतो का ते कंपनीकडून विचारून घ्या, आणि खालची हवेची झडप त्याच्याकडून ॲडजस्ट करून घ्या. आणि ही शेगडी कधीही, अगदी सणाला पाहुणे आले म्हणूनही, परत सिलेंडरला जोडू नका, मोठ्या भोकातून जास्त दाबाचा गॅस आला की भडकाच होतो.

मेकॅनिक यायच्या आधी घरचं एक करून बघा. बर्नर थंड झाल्यावर काढा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास ठेवा, दूध उतू गेलेली भोकं बारीक सुईने मोकळी करा, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा, ओला बर्नर फडफडतो आणि लोकांना वाटतं शेगडी बिघडली. टोपी नीट खाचेत बसलीय ना बघा, ती तिरकी असली तरी एका बाजूने पिवळं जळतं. मिठाचा कण पडून क्षणभर नारिंगी ठिणग्या उडतात त्याला घाबरायचं कारण नाही, सतत पिवळी राहणारी टोकं ही खरी तक्रार.

गॅस गळतीला सगळेच घाबरतात, ते बरंच आहे, पण सिलेंडर आणि पाइप यांची गळती वेगळी वागते आणि नवीन पाइपवाल्यांना हे कुणी सांगत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो, म्हणून त्याला वरची खिडकी किंवा एक्झॉस्टचं भोक उघडं लागतं. एलपीजी हवेत 2 टक्क्यांच्या आसपास झाला तरी पेट घेऊ शकतो, पाइपचा 5 टक्क्यांना. आपल्याकडे छोट्या घरात देवघर स्वयंपाकघरातच असतं, बहुतेक वेळा खालीच, आणि सिलेंडर बदलताना समई किंवा निरांजन तेवत असते. सिलेंडर बदलायच्या आधी देवाला हात जोडून दिवा शांत करा, नवीन लावून वास नाही ना बघा आणि मग परत लावा, देव काही रागावत नाही.

लालबागला गॅस कंपनी लेन आहे, तिथून जाताना मला नेहमी आठवतं की 1865 साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते कोळशापासून काढलेल्या गॅसवर, आणि त्या गॅसमध्ये मुळातच कार्बन मोनॉक्साइड असायचा, म्हणजे नुसती गळती झाली तरी माणूस मरायचा. आजच्या पाइपमधल्या गॅसमध्ये तो नाही, आपण हवा न देता जाळून तो घरात तयार करतो.

वास आला तर पहिल्यांदा शेगडीची कळ आणि मागचा व्हॉल्व्ह बंद. पाइपच्या व्हॉल्व्हचा दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा केला की बंद, हे घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलालाही दाखवून ठेवा. मग खिडक्या. दिव्याचं बटण चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद, कारण ठिणगी बटण दाबताना उडते, चालू करतानाही आणि बंद करतानाही. आणि शेजाऱ्यांना सांगायला जाताना त्यांची किंवा तुमची बेल वाजवू नका, हाताने दार ठोका. फोन बाहेर जिन्यात जाऊन करा, सिलेंडर असेल तर 1906, पाइप असेल तर बिलावर छापलेला इमर्जन्सी नंबर, तो आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि आग असेल तर 101. गळती शोधायला काडी ओढणारी माणसं मी अजून बघतो, कृपा करून असं करू नका, वाटीत साबणाचा फेस करून तो नळीच्या दोन्ही टोकांना बोटाने लावा, बुडबुडे फुगले की गळती तिथेच. नळी तारेची जाळी असलेली, आयएसआय मार्कची, तिच्यावर छापलेली मुदत बघून त्याआधी बदला, आणि ती शेगडीच्या मागून गरम भागाला टेकत नाही ना ते वाकून बघा.

अलार्म घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा की गॅस गळतीचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळे असतात. दुकानदार एकच देऊन टाकतात. पाइप गॅसचा अलार्म छताजवळ, एलपीजीचा जमिनीपासून फूटभर वर, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आपण श्वास घेतो त्या उंचीला, तुमच्याकडे बाथरूमच्या दाराबाहेर. पण अलार्म लावला म्हणून गिझर आत ठेवता येतो असं मात्र नाही.

कढईतलं तेल पेटलं तर काय हे तुम्ही विचारलंत, गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा ताट बाजूने सरकवत कढईवर टाका आणि थंड होईपर्यंत उचलू नका. पाणी अजिबात नाही, पाण्याची वाफ होताना ते 1700 पट फुगतं आणि जळतं तेल ओट्याभर, अंगावर उडवतं. आणि आगीत बाहेर पडायची वाट अडू नये म्हणून बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप असेल तर किल्ली त्याच भिंतीला खिळ्यावर, सगळ्यांना माहीत असेल अशी.

डॉक्टरकडून आल्यावर बहिणीचा आणि बाळाचा रिपोर्ट काय आला ते कळवा, मी वाट बघतोय. आणि बाथरूमच्या खिडकीचा, बाहेरच्या भिंतीचा आणि ड्राय बाल्कनीचा एकेक फोटो पाठवा, गिझर कुठे हलवता येईल आणि पाइप कुठून काढायचा ते बघून सांगतो.